दोन बोटांनी अडलेली बार्ज

ओडिलॉनला लिओन्टिन एकदम भेटली नाही. ती त्याला हप्त्याहप्त्याने भेटली. जगातल्या कुठल्याही पुरुषाला एखादी बाई पहिल्यांदा दिसते तेव्हा निदान डोकं आणि धड तरी एका वेळी दिसतं. ओडिलॉनच्या नशिबी तेवढंही नव्हतं. सोमवारी त्याला तिच्या डोक्याला बांधलेला ठिपक्यांचा रुमाल दिसला. मंगळवारी कपाळ दिसलं. बुधवारी सकाळी भुवया आल्या आणि दुपारच्या जेवणापर्यंत डोळे. नाकाला सबंध गुरुवार लागला, कारण नाकच तसं होतं. एखाद्या लहान संस्थानाला पुरलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी तोंड वर आलं. त्या तोंडाचा आवाज मात्र सोमवारपासून चालू होता.

ह्या चमत्काराचं कारण गहू. गेंट शहरात ओडिलॉनचं घर अगदी पाण्याला लागून होतं आणि शेजारी पिठाची गिरणी. गिरणीचा गहू बार्जमधून, म्हणजे लांबट मालवाहू नावेतून, यायचा. भरलेली बार्ज पाण्यात म्हशीसारखी बसते, नुसती पाठ वर. मग गिरणीची सोंड तिच्या पोटातला गहू ओढू लागली, की ती दिवसाला चार बोटं वर चढते. ह्या बार्जवर मागच्या बाजूला लिओन्टिनची राहायची खोली होती. खोलीतली भांडी घासायची खिडकी नेमकी ओडिलॉनच्या जेवणाच्या खिडकीसमोर आली होती, आणि लिओन्टिन दिवसातला बराच वेळ भांडी घासत असे.

शुक्रवारी तोंड दिसलं तेव्हा ते पहिल्यांदा त्याला उद्देशून म्हणालं, "काय हो, समोरच्याच्या ताटात बघू नये असं काठावर शिकवत नाहीत वाटतं?"

ओडिलॉनचा घास हातातच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं बाई! रडू नका हो! मी काही रागावले नाही."

"मी रडत नाहीये," ओडिलॉन नाक पुसत म्हणाला. "मी मोहरीवाला आहे."

ते खरंच होतं. गेली सव्वीस वर्षं तो एका मोहरीच्या दुकानात दगडी पाट्यावर मोहरी आणि शिरका वाटत होता. मोहरी त्याच्या डोळ्यांत अशी कायमची राहायला आली होती, की अख्खा मोहल्ला त्याला विधुर समजे. प्रत्यक्षात त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. घरात तो आणि त्याची मोठी बहीण इर्मा, दोघंच. इर्माने लग्न केलं नव्हतं, कारण तिला पसंत पडेल असा माणूस देवाने घडवायचा राहून गेला होता.

"कोणाशी बोलतोयस रे?" इर्माने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बार्जशी."

"बोल, बोल. पन्नाशीला आलास. आता बार्जशी बोललास, पुढच्या वर्षी पुलाशी बोलशील."

बार्जचं नाव होतं ‘कधी वाटलं नव्हतं’. हे नाव लिओन्टिनच्या आजोबांनी ठेवलं होतं. कर्ज फिटून नाव स्वतःची झाली, त्या दिवशी ते तेवढंच बोलू शकले होते म्हणे. लिओन्टिन त्याच बार्जवर जन्मली, तिथेच रांगली, तिथेच तिचं लग्न झालं. नवराही तिथेच वारला. तोही शनिवारी, नाव घासायच्या दिवशी, ही गोष्ट तिने त्याला अजून माफ केली नव्हती. आता ती एकटीच नाव चालवी. सुकाणू तिचं, इंजिन तिचं, दोरखंड तिचे. गेंटसारखी शहरं तिच्या लेखी सामान उतरवायला आणि पुढच्या सामानाची पाळी येईपर्यंत थांबायला बांधलेली होती. शहरातले जुने मनोरे, दगडी वाडे, त्यांच्या दर्शनी भिंतींची पायऱ्यापायऱ्यांची कपाळं हे सगळं तिने पन्नास वेळा पाहिलं होतं, पण नेहमी पाण्यातून, म्हणजे मागच्या बाजूने. गेंट म्हटलं की तिला मोऱ्या आणि वाळत घातलेले लेंगे आठवत.

काठावरच्या माणसांची तिला कीव येई. "एकाच जागी राहून घराला बुरशी लागते," ती म्हणे, "मग माणसाला का नाही लागणार?"

"आमचं घर दोनशे वर्षं एकाच जागी आहे," इर्मा खिडकीतून ठसक्यात म्हणाली.

"तेच म्हणतेय मी," लिओन्टिन म्हणाली.

त्या दिवसापासून इर्माने त्या खिडकीशी बोलणं टाकलं. ओडिलॉनने मात्र जेवणाची खुर्ची आणखी खिडकीकडे सरकवली.

गहू उतरला, तरी बार्ज गेली नाही. सामानाची पाळी लावायची बार्जवाल्यांची एक पद्धत होती. जी नाव आधी रिकामी झाली तिची पाळी आधी. शहाणपणा, ओळख, वशिला काही चालत नसे. रोज सकाळी सगळे तांडेल व्यापाऱ्यांच्या जुन्या दिवाणखान्यात जमत, कॉफी पीत, एकमेकांच्या इंजिनाची निंदा करत, आणि ज्याची पाळी आली असेल तो सामान उचलून जाई. बाकीचे शहरात पडून राहत. त्या वर्षी नावा फार आणि सामान थोडं होतं. आठवडे गेले. तेवढ्या अवधीत ओडिलॉनला नावेवरचा संसार रोज ताटासमोर बघायला मिळाला.

शनिवारी ती मऊ साबणाने सबंध बार्ज घाशी. गोव्यातल्या बाया समया घासतात तसं पितळ घाशी. आणि पाणी शिल्लक राहिलं तर ते वाया कसं घालवायचं म्हणून ओडिलॉनची खिडकीही बाहेरून पुसून टाकी. पडदे लेसचे आणि बर्फासारखे पांढरे, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, छपरावर सायकल. आणि सगळ्यावर एकच अढळ कायदा: नावेवर बूट घालून पाऊल ठेवायचं नाही. गिरणीच्या मालकाला तिने काठावर बूट काढायला लावले होते. पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला आले तेव्हा ती म्हणाली होती, "आशीर्वाद तिथून द्या, नाहीतर बूट काढा." पाद्रीबाबांच्या मोज्याला भोक होतं, म्हणून आशीर्वाद तिथूनच मिळाला.

ओडिलॉन तिच्यासाठी दुकानातून मोहरीची बरणी आणी आणि खिडकीतून काठीला बांधून पुढे करी. ती त्याच काठीला पॅनकेकचं पुडकं बांधून परत पाठवी. एक दिवस तिने बिअरमध्ये मुरवून शिजवलेलं गोमांस पाठवलं, वर त्याचीच मोहरी लावलेला पाव.

"कसं झालंय?"

"फार छान," ओडिलॉन म्हणाला. डोळ्यांतून पाणी चाललंच होतं.

"खरंच छान झालंय की मोहरी लागलीये?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि लाजला. पन्नाशीचा मोहरीवाला लाजतो तेव्हा वरून खाली लाजतो, आणि टक्कल आधी गुलाबी होतं.

दर रविवारी तो ठरवी, आज विचारायचं. लग्नाचं. वाक्यही तयार होतं. दुकानात पाट्यावर वाटून वाटून त्याने ते अगदी मऊ करून ठेवलं होतं. पण खिडकी उघडली की तोंडून निघे, "आज वारा पश्चिमेचा दिसतोय."

"वारा दिसत नाही, लागतो," लिओन्टिन म्हणे, आणि संपलं.

इर्माला सगळं कळत होतं. "अरे, विचारायचं असेल तर विचार, नाहीतर पडदा ओढ," ती म्हणाली. "तुझ्या उघड्या खिडकीने मला सर्दी झाली."

आणि मग लिओन्टिनच्या नावेची पाळी आली.

वरच्या गावाहून बिअरच्या कारखान्यासाठी बार्ली भरायची होती. सोनं मिळावं तसं सामान. शनिवारी दुपारच्या आत धक्क्यावर पोचलं पाहिजे, नाहीतर पाळी मागच्या नावेला आणि लिओन्टिन पुन्हा शेपटाला. ही बातमी तिने शुक्रवारी सकाळी खिडकीतून ओरडून सांगितली, तेव्हा ओडिलॉनच्या हातातली मोहरी टेबलावर सांडली.

पण ती निघू शकली नाही. आठवडाभर वरच्या मुलखात पाऊस झाला होता आणि नदी फुगली होती. गिरणीच्या पुढचा जुना दगडी पूल आधीच बुटका. रिकामी बार्ज पाण्यावर उंच, पाणी वर, पूल होता तिथेच. लिओन्टिनने सुकाणूघर उतरवून ठेवलं, सायकल आडवी केली, कुंड्या आत घेतल्या, धुराडं मोडून ठेवलं, आणि काठीला खुणा करून पुलाखाली मापून आली.

"दोन बोटं," ती काठावरच्या लोखंडी खुंट्यावर बसत म्हणाली. ती कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती. "फक्त दोन बोटं कमी पडतायत."

"पोटात पाणी भरा ना," ओडिलॉनने खिडकीतून सुचवलं. इतक्या दिवसांत तो अर्धा नावाडी झाला होता.

"कोळसा आणायचा असता तर भरलं असतं. बार्ली आहे, बार्ली! तीन दिवस फडक्याने पुसून पोट कोरडं केलंय मी. थेंबभर ओल दिसली तरी कारखानेवाले मला परत पाठवतील."

ओडिलॉनच्या मनात त्या क्षणी काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या मनात आलं, की वा! पूल बुटका, नदी फुगलेली, आणखी तीन-चार आठवडे. तेवढ्या रविवारांत एखाद्या रविवारी वाक्य बाहेर पडेलच. त्याने मनातल्या मनात वरच्या मुलखातल्या पावसाला नमस्कारही केला. मग त्याने खाली बघितलं. लिओन्टिन रुमाल सोडून कपाळ पुशीत होती, आणि ते नाक, ते संस्थानी नाक, लाल झालं होतं. आता तिला मोहरी लागलेली नव्हती.

"किती वजन लागेल?" त्याने विचारलं.

"काय?"

"दोन बोटं खाली बसायला?"

"ऐंशी माणसं. नीट खाल्ल्याप्यालेली."

"आमच्या बँडची चाळीस पुरतील," ओडिलॉन म्हणाला.

काठावरच्या लोकांचा एक बँड होता, ‘विजयी प्रगती’ नावाचा. त्यात ओडिलॉन ट्यूबा, म्हणजे भलामोठा पितळी भोंगा, वाजवी. बँडची कीर्ती संगीतापेक्षा शरीरसंपदेबद्दल जास्त होती. स्पर्धेला जाताना त्यांना दोन बस लागत, आणि नगारेवाला गुस्ताफ चढला की तिसरी. बँडचे मास्तर प्रोस्पेर तेवढे काटक होते. त्यांचं वजन त्यांच्या मिशांत होतं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि छाती पुढे काढली. "ओझं म्हणून? ‘विजयी प्रगती’ ओझं म्हणून जाणार? कदापि नाही! वाजवत जायचं असेल तर येतो."

"वाजवा की," ओडिलॉन म्हणाला. "त्याने वजन कमी होत नाही."

शनिवारी सकाळी गणवेशात, पितळी बटणं चमकवत, चाळीस जण आले. वजनात कमी पडू नये म्हणून त्यांच्या बायका, मेव्हणे, दोन खाटीक आणि एक निवृत्त पोलीसही आले. लिओन्टिन फळीपाशी कंबरेवर हात ठेवून उभी.

"बूट!"

"अहो तांडेलीणबाई," मास्तर म्हणाले, "गणवेशाला बूट असतात."

"बार्लीला नसतात."

काठावर बुटांची रांग लागली. गिरणीपासून पुलापर्यंत काळे बूट, आणि वर मोज्यांत चाळीस वादक. गुस्ताफच्या दोन्ही मोज्यांतून अंगठे बाहेर डोकावत होते. त्याची बायको कुजबुजली, "लोकांसमोर तुझे अंगठे दाखवायला मी पंचवीस वर्षं रफू करतेय का?" मग नगारा दोरीने खाली सोडला, त्यामागून गुस्ताफ. इर्मा खिडकीत उभी राहून म्हणाली, "एवढी माणसं बुडवायला चालवलीयेत, एका बाईला लग्नाचं विचारायला नको म्हणून!" हे सगळ्या काठाने ऐकलं. सुदैवाने लिओन्टिन त्या वेळी इंजिनाच्या खोलीत होती.

बार्जचं पोट म्हणजे लांबलचक लाकडी दिवाणखाना. वर उघडं आभाळ. आधी सगळे पुढच्या टोकाला उभे राहिले, म्हणजे नावेचं नाक खाली दबावं. लिओन्टिन मागे ओणवी होऊन सुकाणूला. नाव हळूहळू सरकू लागली, मास्तरांनी काठी उंचावली आणि कूच सुरू झालं. खोल लाकडी पोटात चाळीस वाद्यं वाजतात तेव्हा काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. पुलावरची कबुतरं त्या दिवसापासून तिथे फिरकली नाहीत. वर पाव इंच सोडून पूल येत होता. नावेचं नाक पुलाखालून गेलं.

"आता मागे!" लिओन्टिन ओरडली. "सगळे मागे पळा!"

वादन थांबलं. मास्तरांनी सावकाश मान वळवली. "‘विजयी प्रगती’ मागे जात नाही, बाई."

"अहो, माझ्या खोलीचं छप्पर जाईल!"

"वळा," ओडिलॉन ट्यूबातून ओरडला, "वळा, म्हणजे मागे पुढे होईल!"

हे मास्तरांना पटलं. बँड वळला आणि मोज्यांत टपटप चालत नावेच्या मागच्या टोकाकडे कूच करू लागला. पण पोटाच्या फळ्यांच्या फटींत गव्हाची भुकटी राहिली होती. तीन दिवसांच्या फडक्यालाही ती सापडली नव्हती. ती उडाली. पहिली शिंक सनईवाल्याची. मग रांग लागली. नगाऱ्याच्या ठोक्यावर शिंका, शिंकांच्या ठोक्यावर नगारा, आणि बायकामेव्हण्यांसकट सगळे मागच्या भिंतीला जाऊन चिकटले. तेवढ्यात वरून कर्रर्र असा आवाज आला. पुलाखालचं शेवाळ छपरावर पसरलं, एक दगडी कपचा ट्यूबात पडला, आणि आभाळ दिसलं. नाव पलीकडे निघाली होती.

एकच जल्लोष झाला. मास्तरांनी काठी फेकली. गुस्ताफने बायकोचा मुका घेतला. लिओन्टिन ओणव्याची उभी राहिली आणि हसत खाली म्हणाली, "चला, उतरा आता!"

सगळ्यांनी वर मान करून पाहिलं. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती सरळ पाण्यात उतरलेल्या. ना पायरी, ना फळी टेकायला जागा. पाणी फुगलेलं, नाव पुढेच चाललेली, आणि उलटं फिरायला जागा नाही. पुढे शहराच्या टोकाला दरवाज्याचा बांध होता, पाण्याची पातळी बदलायला नावा थांबतात तो, तिथेच काय तो काठ.

हा घोटाळा असा होता, की तो ह्या दोन जमातींनी मिळूनच करावा. लिओन्टिनच्या आयुष्यात माणसांना नावेतून उतरायला जागा लागते ही गोष्ट कधी डोक्यात आलीच नव्हती. आणि गेंटच्या लोकांना पाण्याच्या बाजूला काठ नसेल हे आयुष्यात सुचलं नव्हतं. बूट मागे राहिले होते, रांगेत, व्यवस्थित.

बांधापाशी सगळे वर चढले. ट्रामच्या वाहकाने मोज्यांतल्या माणसांना ट्यूबा-नगाऱ्यासकट घ्यायला साफ नकार दिला. मास्तर म्हणाले, "मग वाजवत जाऊ!" आणि ‘विजयी प्रगती’ मोज्यांत, शेवाळ आणि गव्हाचं पीठ अंगावर घेऊन, भर शहरातून कूच करत निघाली. लोकांना वाटलं कुठल्या तरी संताचा उत्सव असेल. एका म्हातारीने छातीवर क्रूस केला. दोघा सज्जनांनी आपलेही बूट काढून हातात घेतले आणि मागे चालू लागले. कुठे जायचंय हे त्यांनी विचारलं नाही.

ओडिलॉन मात्र बांधावर नव्हता. तो अजून पोटातच होता, ट्यूबातला दगड काढत.

"तुम्ही नाही गेलात?" लिओन्टिनने वरून विचारलं. "मला उशीर होतोय. उतरा नाहीतर बसा."

"मी... आज वारा..." ओडिलॉनने सुरुवात केली, आणि मग डोळे मिटून एका दमात म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल का?"

इंजिन धडधडत होतं. लिओन्टिनने ते थोडं कमी केलं.

"दोर बांधता येतो?"

"नाही."

"पोहता?"

"नाही."

"इंजिन कळतं?"

"नाही."

"मग येतं काय तुम्हाला?"

"मोहरी वाटता येते."

तिने पुढे पाण्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग त्याच्या मोज्यांकडे. मोजे स्वच्छ होते, इर्माने धुतलेले.

"बसा," ती म्हणाली. "पण तो ट्यूबा आधी पुसा."

बार्ली वेळेवर मिळाली. लग्न झालं नाही. नावेवर ओडिलॉनला झोप लागत नसे, आणि दुसऱ्या सोमवारी तो बसने परत येऊन दुकानात कामाला लागला.